कॅबिनेट उघडण्याआधी: स्टॅटिकपासून कॉम्प्युटरचे पार्ट वाचवण्याची रीत

जानेवारीत सकाळी दुकान उघडायला वाकलो आणि शटरच्या कडीला हात लागला की बोटाच्या टोकाला ‘टच्’ करून चटका बसतो. ठाण्यात, नौपाड्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. थंडी पडली हे मला दरवर्षी स्वेटरच्या आधी शटर सांगतं. जुलैत त्याच कडीला दिवसातून दहादा हात लागतो, काही होत नाही.

हा चटका म्हणजे स्टॅटिक, अंगावर साठलेली वीज. तो जाणवतो तेव्हा अंगावरचा विजेचा दाब साधारण ३,००० व्होल्टच्या घरात असतो. आकडा ऐकून माणूस दचकतो, पण आपलं शरीर म्हणजे फार लहान टाकी. तिची धारणक्षमता सुमारे १०० पिकोफॅरड धरतात, म्हणजे एवढ्या दाबालाही तिच्यात अर्धा मिलिज्यूल ऊर्जा जेमतेम मावते. आपण ‘आई गं’ म्हणतो, बोट झटकतो आणि कामाला लागतो. चिपचं तसं नसतं. तिच्यातल्या मॉसफेटच्या, म्हणजे विजेच्या सूक्ष्म स्विचच्या, गेटखाली ऑक्साइडचा जो वीजरोधक पडदा असतो तो काही नॅनोमीटरचा. नाजूक चिपला शे-दोनशे व्होल्टही भारी पडतात. आणि ३,००० च्या बरंच खाली असलेलं काहीही आपल्या बोटाला कळत नाही. खरी गोम इथे आहे: पार्ट मरतो तेव्हा बहुतेक वेळा चटका बसलेलाच नसतो.

ठाण्याच्या दमट हवेत स्टॅटिक कुठलं?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. अर्धा बरोबर आहे. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना टेकल्या आणि सुटल्या की एकीवरचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो, तोच खेळ. हवा दमट असली की पृष्ठभागांवर ओलाव्याचा बारीक थर बसतो आणि भार साठण्याआधीच ओघळून जातो. या धंद्यात नेहमी सांगितले जाणारे आकडे असे: १० ते २० टक्के आर्द्रतेत गालिच्यावर चाललात तर अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत साठू शकतात, ६५ ते ९० टक्क्यांत तेच १,५०० वर येतात. टेबलावरची पॉलिथिनची पिशवी उचलली तर कोरड्या हवेत २०,०००, दमट हवेत १,२००.

आता तो १,२०० चा आकडा परत वाचा. पावसाळ्यातला आहे. बोटाला कळणार नाही, रॅमला कळेल.

शिवाय आपण हल्ली राहतो कुठे? ऐरोली-महापेच्या ऑफिसात दिवसभर एसी, खाली कार्पेटच्या लाद्या, बुडाखाली चाकांची खुर्ची. खुर्चीवरून नुसतं उठलं तरी भार चढतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बेडरूमला एसी, पलंगावर पॉलिस्टरची चादर, आणि मुलगा त्याच पलंगावर मांडी घालून ग्राफिक कार्ड बदलतोय. डिसेंबर ते फेब्रुवारीत जमिनीकडून येणारं कोरडं वारं सुटलं की दुपारची आर्द्रता बघता बघता खाली येते. बाहेरची खाडी या कुणाला वाचवायला येत नाही.

गोष्ट आहे बरोबरीची

स्टॅटिकवरचा इलाज विचारला की सगळे ‘अर्थिंग, अर्थिंग’ म्हणतात. मी आधी बरोबरी म्हणतो. सोसायटीच्या गच्चीवर दोन टाक्या खालून पाइपने जोडलेल्या असतात. दोन्हींत पाणी सारख्या पातळीला असेल तर पाइपातून थेंबही हलत नाही, मग टाक्या कितीही उंचावर असोत. तुम्ही, कॅबिनेटचा म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याचा पत्रा आणि हातातला पार्ट हे तिघे एका पातळीवर असलात की ठिणगी पडायचं कारणच उरत नाही. अर्थिंग चांगलं, कारण त्याने ती पातळी पक्की ठरते. पण अर्थिंग नसलेल्या घरातही नीट काम करता येतं, आणि उत्तम अर्थिंग असलेल्या ऑफिसात बेफिकिरीने पार्ट मारताही येतो. खालची प्रत्येक पायरी याच एका हिशेबाने वाचा.

पहिलं काम: जागा मोकळी करणं

लाकडी टेबल घ्या, नाहीतर जमिनीवर सुती सतरंजी. पलंग, सोफा, नायलॉनचा गालिचा नको. अंगात सुती शर्ट किंवा सुती कुर्ता असू द्या. लोकरीचा स्वेटर, फ्लीसचं जॅकेट काढून ठेवा, पण काढायचं ते पार्टला हात लावण्याआधी. काढताना चटचट आवाज येतो तो उगीच नाही. ओढणी, साडीचा पदर, गळ्यातलं ओळखपत्र बोर्डावर लोंबणार नाही असं खोचून घ्या.

मग थर्माकोल. २०१८ साली राज्यात त्याच्यावर बंदी आली, गणपतीची मखरं कागदा-कापडाची झाली, पण मॉनिटरच्या खोक्यातून तो अजून घरात येतोच. त्याचे दाणे हाताला चिकटतात, झटकले तरी दुसऱ्या हाताला जाऊन बसतात. ते चिकटवणारं स्टॅटिकच. प्लास्टिक, थर्माकोल, बबल रॅप, सेलोटेप या वस्तू वीज वाहून नेत नाहीत, म्हणून त्यांच्यावरचा भार तुम्ही मनगटी पट्टा (त्याचं पुढे सांगतो) लावून किंवा पत्र्याला टेकवून काढू शकत नाही. आणि त्यांनी पार्टला शिवायचीही गरज नसते. भारलेला थर्माकोल जवळ आला की बोर्डावरचे इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे सरकतात, आणि त्याच क्षणी बोर्ड कशाला टेकला तर तिथे ठिणगी पडते. कारखान्यांत असल्या वस्तू एक फूट दूर ठेवायचा दंडक आहे. घरी मी सरळ दुसऱ्या खोलीत नेऊन टाकायला सांगतो. खोकं उघडायचं ते हॉलमध्ये, पार्ट बसवायचा तो आत.

अर्थिंग आहे का, हे बघणं

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या चाळीत कॉम्प्युटर बघायला गेलो होतो. आजी दारातच म्हणाल्या, “अरे, त्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात बघ. नातू म्हणतो स्टॅटिक आहे.”

“आजी, एकदाच चटका बसतो की हात ठेवला तर येतच राहतात?”

“येतच राहतात. पायात चप्पल असली की नाही येत.”

हे स्टॅटिक नव्हतं. स्टॅटिक एकदा टच् करून संपतं. सतत झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं असण्याची शक्यता मोठी. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात, विजेतल्या नकोशा लहरी गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंगची वायर शाबूत असेल तर तिथली किरकोळ गळती तिच्यातून निघून जाते. वायर नसेल तर पत्रा मधेच लोंबकळतो, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. आजींच्या घरात मल्टिमीटर लावला तर सॉकेटचं अर्थिंगचं भोक नुसतं शोभेचं होतं, मागे वायरच नव्हती.

तुमच्या घरी तपासायचं तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज आणि अर्थ यांच्यात मोजा. २३० च्या आसपास यायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट ठीक. फेज-अर्थमध्ये काहीतरी भलताच, डोलणारा आकडा आला तर अर्थिंग नाही असं समजा. चालू सॉकेटात टोकं घालायची सवय नसेल तर हे तुम्ही करू नका, वायरमनला बोलवा, त्याचं पाच मिनिटांचं काम आहे. मीटरच्या पुढची घरातली वायरिंग ही आपली जबाबदारी असते, महावितरणला फोन करून उपयोग नाही. आणि स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड किंवा तीन पिनांचा दोन पिना करणारा अडॅप्टर मधे असेल तर भिंतीतलं चांगलं अर्थिंगही वाया जातं. प्लगची जाड, लांब पिन त्याच कामासाठी असते.

मनगटी पट्टा

एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ही घ्या. लवचिक पट्टा, त्याच्या आतल्या बाजूला धातूची चकती, तिथून गुंडाळीची वायर आणि टोकाला मगरीसारखी क्लिप. वायरमध्ये १० लाख ओहमचा, म्हणजे एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो. तो कशाला? समजा दुसरा हात चुकून २३० व्होल्टला लागला. रेझिस्टरमुळे पट्ट्यातून वाहणारा प्रवाह ०.२३ मिलिअँपिअरवरच अडतो, जीवाला धोका होत नाही. अंगावरचा भार मात्र तेवढ्या वाटेने डोळ्याची पापणी लवायच्या आत निघून जातो. म्हणून घरातली एखादी तार मनगटाला गुंडाळून ‘देशी पट्टा’ करायच्या भानगडीत पडू नका. तिच्यात हा रेझिस्टर नसतो.

नवीन पट्टा आणला की आधी मोजा. मल्टिमीटर ओहमवर, एक टोक चकतीला, दुसरं क्लिपला. माझ्या हातातला आत्ता ०.९९ मेगाओहम दाखवतो. शून्य आलं तर रेझिस्टर नाही, काहीच आलं नाही तर वायर आतून तुटलेली. गुंडाळीची वायर चकतीजवळच वाकून वाकून तुटते, बाहेरून दिसत नाही. मी दर महिन्याला एकदा मोजतो, आणि आजवर दोन पट्टे असे निघाले, जे मी किती दिवस नुसते दागिन्यासारखे घालत होतो देव जाणे.

चकती कातडीला घट्ट टेकली पाहिजे. शर्टाच्या बाहीवरून नको, घड्याळावर नको. हिवाळ्यात हात फार कोरडे असतील तर मनगटाला जरासं पाणी लावा. क्लिप लावायची ती कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला. काळ्या रंगाच्या पत्र्याला क्लिप चावून बसल्यासारखी दिसते, पण रंग वीज अडवतो. मला हुकमी जागा वाटते ती एसएमपीएस मागून आवळणाऱ्या स्क्रूची.

बाजारात बिनवायरीचा पट्टाही मिळतो. त्यातून भार जाणार कुठे, हे विकणाऱ्याला विचारा. मी विचारलं होतं, तो म्हणाला, “हवेत.” घेऊ नका.

पट्टा घालायचाच नाही अशीही एक वेळ आहे: चालू वीज असलेली उघडी वस्तू, उघडलेला एसएमपीएस, जुना पिक्चर ट्यूबचा मॉनिटर. तिथे अंग पत्र्याशी जोडून ठेवणं हाच धोका. एसएमपीएस तर घरी उघडूच नका, बंद केल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीव उरतो.

पट्टा नसेल तर? कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, मगच पार्ट घ्या, आणि काम चालू असताना डाव्या हाताचा कोपराखालचा भाग पत्र्यावर टेकलेला ठेवा. चालतं. पण तुम्ही चहाला उठता, फोन घेता, खुर्ची सरकवता आणि परत येऊन थेट रॅमला हात घालता. तिथेच चूक होते. पट्टा तुमच्या वतीने आठवण ठेवतो.

प्लग काढायचा की ठेवायचा?

यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, प्लग लावून ठेवा, भिंतीचं बटण बंद करा, म्हणजे पत्र्याला अर्थिंग मिळत राहतं. तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, कारण आपली बटणं फेज तोडतात, अर्थ नाही. पण जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं मी कितीदा पाहिलंय, आणि अर्थिंग खरंच आहे की नाही हा प्रश्न आहेच. शिवाय कुणीतरी येऊन बटण दाबतं. घरी लहान मुलं असतील तर हमखास. माझा कौल प्लग काढण्याला. पट्ट्याने तुम्ही आणि पत्रा एका पातळीवर आहात, तेवढं पुरतं.

आता प्रत्यक्ष काम

कॉम्प्युटर नीट शटडाउन करा. भिंतीचं बटण बंद, एसएमपीएसमागचं बटण बंद, मग केबल ओढून काढा. बाकीच्याही सगळ्या वायरी काढा, मॉनिटरची विसरू नका. आता पुढचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. मदरबोर्डवर छोटा दिवा असेल तर तो मंद होत विझतो. शटडाउननंतरही मदरबोर्डला पाच व्होल्टची राखीव वीज मिळत असते, त्या विजेवर रॅम ओढली तर ती स्टॅटिकशिवायच जाते आणि बिल स्टॅटिकच्या नावावर फाटतं.

बाजूचा पत्रा काढा, पट्टा घाला, क्लिप लावा. जुनी रॅम काढायची तर दोन्ही बाजूंच्या कड्या बाहेर ढकला, रॅम आपणच वर येते. तिला कडांना धरा, जशी आपण फोटोची प्रत धरतो, बोटाचा ठसा उमटू नये म्हणून. खालचे सोनेरी दात आणि काळ्या चिप यांना बोट नको.

नवीन रॅमची पिशवी फोडण्याआधी ती बंद पिशवीच काही सेकंद कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवा. मग उघडा, दोन बोटांनी कडेला धरून बाहेर घ्या आणि थेट स्लॉटकडे न्या. वाटेत टेबलावर ठेवायची नाही, ‘बघू कशी दिसते’ म्हणून कुणाच्या हातात द्यायची नाही. त्या दुसऱ्या माणसाला पट्टा नसतो. खाच जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा, कड्यांचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे. जुनी रॅम नव्या रॅमच्या पिशवीत घालून ठेवा.

प्रोसेसर बदलत असाल तर हीच रीत, फक्त सॉकेटमधल्या पिनांवर बोट, कापड, काही जाऊ देऊ नका. त्या वाकण्याची भीती स्टॅटिकपेक्षा जास्त आहे.

पिशव्यांची भाषा

गुलाबी पारदर्शक पिशवी स्वतः घासून भार तयार करत नाही, एवढंच तिचं काम. बाहेरून आलेली ठिणगी ती अडवत नाही. चंदेरी, धुरकट दिसणाऱ्या पिशवीत धातूचा पातळ थर असतो, ती आतल्या पार्टभोवती पिंजरा बनते, पण तोंड बंद असेल तरच. उघड्या पिशवीत पार्ट अर्धा बाहेर लोंबतोय, याला काही अर्थ नाही. आणि मदरबोर्ड पिशवीच्या *वर* ठेवून चालू करून बघायची जी पद्धत आहे ती सोडा. धातूचा थर असलेल्या वस्तूवर चालू बोर्ड ठेवायचा नसतो. खोक्याचा पुठ्ठा त्यापेक्षा बरा.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पार्ट आणत असाल तर दुकानदार ड्रॉवरमधून नागडी रॅम काढून काउंटरवर टाकतो, हे दृश्य ओळखीचं असेल. मी चंदेरी पिशव्या कधीच फेकत नाही, दोन-तीन घडी करून बॅगेत असतात. ग्रँट रोडहून दादर, दादरहून ठाणे, मधल्या गर्दीत पाठीवरची नायलॉनची बॅग किती जणांना घासते याचा हिशेब नाही. बबल रॅपमध्ये गुंडाळून देतो म्हणाला तर आधी पिशवी, मग बबल रॅप.

खोडरबर आणि ब्लोअर

कॉम्प्युटर चालू होत नाही, रॅम काढा, खोडरबराने घासा, लावा. हा इलाज आपल्याकडे आजीच्या बटव्यात आहे, आणि पावसाळ्यात तो चालतोही, कारण दातांवर थर बसलेला असतो. पण रबर घासणं म्हणजे भार तयार करण्याचं यंत्रच, शिवाय सोन्याचा मुलामा झिजतो तो वेगळा. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारं कापड घ्या, एकाच दिशेने पुसा, पूर्ण वाळू द्या.

ब्लोअर मारताना तोंड बोर्डापासून वीतभर दूर ठेवा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडलेला पंखा भन्नाट फिरतो आणि उलट वीज तयार करू शकतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. प्लास्टिकच्या नळीतून धूळ खरवडत जाते आणि नळीचं टोक भारून बसतं.

लॅपटॉपचं जरा वेगळं

इथे मोठा पत्रा नसतो आणि बॅटरी आतच असते. खालचं झाकण काढल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, स्टॅटिकचा विचार त्यानंतर. पट्ट्याची क्लिप यूएसबी किंवा एचडीएमआय पोर्टच्या धातूच्या कवचाला लावता येते, नाहीतर आतल्या धातूच्या सांगाड्याच्या स्क्रूला.

पोर्टवरून आठवलं. पेन ड्राइव्ह लावताना चटका बसला म्हणून घाबरून फोन करणारे असतात. बाहेरची पोर्टं हात लागणार हे गृहीत धरूनच बनवतात, त्यांच्यामागे संरक्षक डायोड असतात, आणि तयार उपकरणांची चाचणी ८,००० व्होल्टच्या ठिणगीनेही केली जाते. सुट्या रॅमच्या दातांना असं कवच नसतं. तिला घडवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की बसवणारा माणूस पट्टा घालून बसलाय.

मेला की जखमी?

सगळ्यात वाईट म्हणजे पार्ट लगेच न मरणं. ऑक्साइडच्या पडद्याला बारीक भोक पडतं, चिप चालत राहते आणि महिन्याभराने रडायला लागते. माझ्या हातून एकदा असं झालं असावं. फेब्रुवारीतली दुपार, अंगात पॉलिस्टरचा टी-शर्ट, ग्राफिक कार्ड खोक्यातून काढताना बोटाला बारीकसा ‘टच्’. कार्ड बसलं, चाललं, गिऱ्हाईक खूश. तीन आठवड्यांनी त्याच्या पडद्यावर हिरवे चौकोन यायला लागले. स्टॅटिकनेच झालं हे मी सिद्ध करू शकत नाही, कुणालाच दुकानात बसून करता येत नाही. कार्ड मी माझ्या खिशातून बदलून दिलं आणि त्या संध्याकाळी पट्टा ड्रॉवरमधून काढून टेबलाच्या खिळ्याला टांगला. तो अजून तिथेच असतो.

काम झालं की आधी पट्टा काढा, मग उठा. विसरलात तर घाबरू नका. वायर चकतीला जोडणारं टिचबटण झटका बसला की सुटावं असंच केलेलं असतं, कॅबिनेट तुमच्यामागून ओढलं जात नाही. माझं एकदा गेलं होतं, पण तो पट्टा जुना होता आणि बटण गंजून घट्ट बसलं होतं.